पटलेबाईंचा टोला

कुकरची पहिली शिट्टी व्हायची होती, तेवढ्यात फोन टिंग करून गप्प झाला. आमची इमारत पाडून सव्वा वर्ष झालं. माणसं कोथरूडभर आणि त्याच्याही पलीकडे भाड्याच्या घरांत पांगलेली; एकत्र राहतात ती फक्त व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर. तिथे लागोपाठ दोन निरोप होते. वरचा असा, 'सातव्या मजल्याचा स्लॅब काल पूर्ण झाला.' त्याखाली पाच-सहा अंगठे. आणि त्याच्याखाली महेश पटलेचा, 'आई आज पहाटे गेली. अंत्यविधी दुपारी एक वाजता.' कुणीतरी घाईघाईत त्यालाही अंगठा दिला होता, मग चूक कळल्यावर काढून टाकला... मी गॅस बंद केला. डाळ अर्धी कच्ची राहिली असणार. ओट्याला टेकून उभी राहिले, आणि खरं सांगायचं तर रडू आलं नाही, थकवा आला. पटलेबाईंना भेटायला वाकडला जाईन जाईन म्हणत या सव्वा वर्षात मी दोनदाच गेले होते. गुडघे, रिक्षा, रस्त्याची खोदाई. कारणं सगळी खरी होती, हेच जास्त वाईट.

निर्मला पटले तीस वर्षं माझ्या समोरच्या दारात राहिल्या. मूळच्या गोंदियाकडच्या. यजमान भोसरीच्या कारखान्यात, म्हणून पुण्याला आल्या आणि सदाशिव पेठेतल्या एका मराठी शाळेत हिंदी शिकवू लागल्या. मी सदाशिव पेठेतच वाढलेली, त्यामुळे जीभ कशी असणार ते वेगळं सांगायला नको. आडनाव ऐकून मी 'पटलं' म्हटलं, त्यावर त्या हसल्या होत्या. असं म्हणणारी मी पहिली नव्हते हे नंतर कळलं. त्याच आठवड्यात त्या पाकीट घेऊन आल्या, जवळ टपालपेटी कुठे आहे विचारायला. पाकिटावर माहेरचा पत्ता होता, मुक्काम चिचटोला. मी म्हटलं, "टोला? गाव आहे की षटकार?" दुसरी कुणी असती तर पुन्हा दारात आली नसती. या उंबऱ्यावर बसल्याच.

"गाव मोठं झालं ना ताई, की शेती दूर पडते," त्या म्हणाल्या. "मग चार घरं उठून शेताजवळ राहायला जातात. त्याला टोला म्हणतात. नाव जुन्या गावाचंच ठेवायचं, नुसतं पुढं टोला लावायचं. म्हणजे गावाला असं नाही वाटत, का हे आपल्याला सोडून गेले."

शब्द हिंदीतला. वस्ती, मोहल्ला. पण त्यांच्याकडे तो हिंदी की मराठी हे कुणी विचारत नव्हतं. त्यांचं निम्मं बोलणंच सरहद्दीवर उभं होतं. कुंभारांची घरं तो कुंभारटोला, तळ्याकाठचा तो बोडीटोला, कारण लहान तळ्याला तिकडे बोडी म्हणतात, आणि सगळ्यांत शेवटी वसलेला तो नवाटोला, मग त्याला शंभर वर्षं झालेली का असेनात. बहिणीकडे छत्तीसगडला जाताना त्या खिडकीशी बसून पाट्या वाचायच्या, आणि हाच शब्द पार बिहार-बंगालपर्यंत भेटतो हे मला कौतुकाने सांगायच्या. वर्गात तो शिकवताना असं काही रंगून सांगत, की मुलांनी त्यांचं नावच 'टोलाबाई' ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. "चांगलं नाव आहे," म्हणायच्या.

टोला म्हणजे नुसती घरं नव्हेत, हे मात्र मला फार उशिरा समजलं. त्यांच्या गावात लग्नाचं आमंत्रण एकेका घराला नसे, टोल्याला असे; गल्लीत उभं राहून एकदा सांगितलं की सगळ्यांना पोचलं. सासरी निघालेल्या मुलीला टोल्यातल्या बायका शिवेपर्यंत पोचवत, आणि तिथून पुढे फक्त घरचे जात. आणि टोल्यात कुणी गेलं, तर मयत उठेपर्यंत एकाही घरात चूल पेटत नसे.

सहा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. सकाळी सातच्या सुमाराला, पेपर वाचता वाचता. पटलेबाई आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दिसेनाशा झाल्या. मला त्या वेळी कशाचंच भान नव्हतं. त्या गेल्या होत्या जिन्यात. आमची बारा बिऱ्हाडांची इमारत. प्रत्येक दाराची बेल वाजवून त्यांनी सांगितलं, जोगांच्या घरून नेईपर्यंत कुणी चूल पेटवायची नाही. तळमजल्यावरचे करंदीकर म्हणाले, "बाई, आमच्याकडे चूल नाही. गॅस आहे."

"मग गॅस पेटवू नका," पटलेबाई म्हणाल्या. "लेकरांसाठी केळी आणून ठेवली आहेत, माझ्याकडून घेऊन जा."

आणि त्या दुपारपर्यंत बाराच्या बारा गॅस बंद राहिले. लाजेने म्हणा, बाईंच्या धाकाने म्हणा. मंडळी स्मशानातून परतल्यावर त्या भात-वरण घेऊन आल्या. पहिला घास टोल्यातल्यांनी भरवायचा असतो, असं म्हणून हात पुढे केला. मी चिडले. दुःखात माणूस कुणावर तरी चिडतोच. म्हटलं, "पटलेबाई, हा तुमचा टोला नाही. ही सोसायटी आहे."

"सोसायटी कागदावर असते ताई," त्या म्हणाल्या. "जेवा. सकाळपासून तुम्ही पाणीसुद्धा नाही पिऊन राहिल्या."

पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं, की बाराही दारं कशाला वाजवलीत? अर्ध्यांशी तर तुमचं धड बोलणंही नव्हतं. त्या उंबऱ्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, "आमच्या गावाला तीन टोले होते. तिसरा नाल्यापलीकडे. त्यांच्यातलं कोणी मेलं, तर आमच्याकडं चुली पेटलेल्याच राहायच्या. धूर दिसत असेल ना त्यांना... हे मला मोठी झाल्यावर समजलं. कोणी सांगितलं नव्हतं. आपलं आपणच समजलं. तेव्हापासून मी दार निवडत नाही."

इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं तेव्हा जुन्या लोकांना मजला निवडायची मुभा होती. पटलेबाई माझ्याकडे आल्या. "ताई, आपण चौथ्यावर समोरासमोर घेऊ. लिफ्ट बंद पडली तरी चढता येईल." मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात परदेशातून अनिकेतचा, माझ्या मुलाचा, फोन आला. आई, नववा घे, तिथून टेकडी दिसते. त्याने नकाशे पाठवले, वारा कुठून येईल ते बाणांनी दाखवलं. मी नवव्यावर सही केली आणि पटलेबाईंना सांगायचं उद्यावर टाकत राहिले. शेवटी त्यांना ते सभेत कळलं. सेक्रेटरींनी यादी वाचली, "जोग, नऊशे दोन." पटलेबाई पुढच्या रांगेत होत्या. मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हवा चांगली येईल तुम्हाला." एवढंच. त्यांच्या समोरचं घर करंदीकरांनी घेतलं. पुढे सामानाचे टेम्पो आले, पटलेबाई महेशकडे वाकडला गेल्या, आणि मी काही खुलासा केला नाही. काय करणार होते?

शेवटची गेले तेव्हा त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. दम लागत होता. चौदावा मजला, खिडकीबाहेर नुसत्या क्रेन. मी विचारलं, शेजारी कोण आहे? "दार उघडं नाही दिसत ताई कधी. एक मुलगी लिफ्टमध्ये हसते." मग त्यांनी विचारलं, स्लॅब कुठवर आला? मी म्हटलं, पाचवा झाला. "म्हणजे माझं घर झालं," त्या म्हणाल्या, आणि खरोखर खूश झाल्या. तेव्हा बोलायला हवं होतं. मी ट्रॅफिकबद्दल बोलले.

तर त्या सकाळी गॅस बंद करून मी जुनी यादी काढली आणि दहा घरांना फोन लावले. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. वाकडातल्या माणसासाठी कोथरूडात गॅस बंद ठेवा, हे सांगायचं तरी कसं? एकांकडे पोहे खाऊन झाले होते. एका सुनेने "हो काकू" म्हटलं, पण ज्या सुरात म्हटलं त्यावरून मागे मिक्सर थांबणार नाही हे कळलं. एक जण म्हणाले, "अहो, आता आपण कुठे एकत्र राहतो?" करंदीकरांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

वाकडला पोचायला सव्वा तास लागला. पटलेबाईंना हॉलमध्ये ठेवलं होतं. महेश कागदपत्रांच्या मागे होता आणि त्याची बायको भिंतीला टेकून एकटीच बसली होती. समोरच्या बंद दारामागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, फोडणीचा वास या घरात येत होता. ती म्हणाली, "काकू, आम्ही इथे कुणालाच ओळखत नाही हो." मी उठून त्या दारापाशी गेले. काम नसताना अनोळखी माणसाची बेल मी जन्मात वाजवलेली नाही. बराच वेळ बोट बटणापाशी नेऊन मागे घेतलं... मग वाजवली. पंचविशीची मुलगी, गळ्यात हेडफोन, हातात डाव. मी माझ्या पुणेरी हिंदीत सुरू केलं, "सामने की आंटी गुजर गयी. उनके गाँव में ऐसा रिवाज है, की टोले में..."

टोला म्हटल्याबरोबर तिचा चेहरा बदलला. "आंटी, हम बिहार से हैं, छपरा के," ती म्हणाली. "हमारे टोले में भी चूल्हा नहीं जलता. हमको किसी ने बताया ही नहीं." ती आत गेली. शिट्ट्या थांबल्या. दोन मिनिटांनी डोक्यावर ओढणी घेऊन अनवाणीच आली आणि पटलेबाईंच्या पायाशी बसली. "रोज़ लिफ्ट में मिलती थीं," ती सुनेला म्हणाली. "कभी नाम नहीं पूछा हमने."

बाराच्या सुमाराला करंदीकर आले. ऐंशीचं वय, दोन बस बदलून. दारात चप्पल काढतानाच म्हणाले, "मी चहासुद्धा घेतलेला नाही. आवरा लवकर." आणि मग खिशातून रुमाल काढून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. दहापैकी आणखी तिघं आले. बाकीचे नाही आले. त्यांच्यावर राग धरण्याइतकं माझं स्वतःचं खातं स्वच्छ नाही. मंडळी परत आल्यावर त्या मुलीने खिचडी करून आणली. महेशला पहिला घास मी भरवला, त्याच्या बायकोला तिने.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. तेरावं झाल्यावर मी करंदीकरांना फोन केला. म्हटलं, माझं नवव्यावरचं घर तुम्ही घ्या, तुमचं चौथ्यावरचं मला द्या.

"टेकडी दिसते तुमच्या घरातून," ते म्हणाले. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे."

"मग मी फायद्यात आहे. जास्त विचारत नाही." मग म्हणाले, "महेश समोरच्या घरात भाडेकरू ठेवणार आहे. माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

अनिकेत वैतागला. आई, चौथ्यावरून तुला दिसणार काय, समोरचं दार? मी हो म्हटलं. त्याला पुढचं काही समजावून सांगण्याचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. गेल्या सोमवारी बांधकामाच्या ऑफिसात जाऊन अदलाबदलीच्या कागदांवर सह्या करून आले. पटलेबाईंच्या घरात कोण येणार, कुठले, कोणती भाषा बोलणारे, हे अजून महेशलाही ठाऊक नाही. आले की पहिल्याच दिवशी बेल वाजवायची आणि नाव विचारायचं, एवढं मी ठरवून ठेवलं आहे.