डोळे मिटून केलेली चहाडी

हे मी कुणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळ नाही, चर्चच्या पाळकांजवळ नाही. देवाजवळ बोलले, पण तेही आडवळणानं. आज तुम्हाला सांगते.

धाराशिवात आमच्या मंडळीत दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. सतरंजी, दोन-चार गीतं, मग ज्याला वाटेल त्यानं मोठ्यानं प्रार्थना करायची, शेवटी चहा-पोहे. माझी प्रार्थना सगळ्यांना आवडायची. गळा भरून येतो माझा, शब्द कमी पडत नाहीत. बाईंना देणगी आहे, म्हणायचे. देणगी! तो शब्द ऐकला की आता किळस येते — माझीच.

मार्थाबाई आमच्या मागच्या गल्लीतली. तिच्या रूथला लहानपणापासून फिट यायच्या. गोळ्यांनी थांबल्या होत्या. हे तिनं एकट्या मला सांगितलं होतं, माझा हात धरून. प्रार्थनेत ठेवा, पण तुमच्यापाशीच ठेवा, म्हणाली. नळदुर्गचं स्थळ आलं होतं, आणि त्या मुलाला रूथ स्वतःच सगळं सांगणार होती.

तेच स्थळ आधी माझ्या मुलीला बघून गेलं होतं. रंगावरून नको म्हणाले होते. — कळतंय ना, मी कुठं चाललेय?

त्या शुक्रवारी प्रार्थना मार्थाबाईकडं होती. नळदुर्गचे पाहुणेही आलेले, मुलगा आणि त्याची आई. सगळ्यांनी डोळे मिटले आणि मी सुरुवात केली. प्रभू, या घराला आशीर्वाद दे... आणि आमच्या रूथच्या फिट तू कायमच्या घालव.

एवढंच. मग मी डोळे किलकिले करून पाहिलं. मुलाच्या आईनं डोळे उघडले होते. मी पुन्हा मिटले, आणखी थोडी प्रार्थना केली. सगळे आमेन म्हणाले, पाहुणेसुद्धा. पोहे खाऊन ते गेले, ते परत आलेच नाहीत. चहाडी करायला लोक कोपरा शोधतात. मी देवाचं नाव घेऊन भर बैठकीत केली. आणि त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवले. शी!

मार्थाबाई बरेच दिवस बोलली नाही. मग एकदा दारात उभी राहिली.

"बाई, म्या लई शिव्या दिल्या तुमाला. गुडघ्यावर बसून दिल्या. पर देवाम्होरं किती दिस शिव्या द्यायच्या? तुमच्या तोंडून चुकून गेलं, व्हय ना? म्या माफ केलं. आता रोज तुमचं नाव घिऊन प्रार्थना करते."

मी काय म्हणाले? व्हय म्हणाले.

रूथ आता शाळेत शिकवते. लग्न झालं नाही. आणि मी इतकी वर्षं म्हणत राहिले — प्रभू, माझ्या चुकीची क्षमा कर. कसली चूक?

आज उपासनेत पापकबुलीच्या वेळी गळा भरून आला नाही, शब्दही आले नाहीत. मनात एवढंच म्हणाले — मुद्दाम केलं, जळले म्हणून केलं. देवाला काय, आधीच ठाऊक. पण पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी ऐकतंय. इतक्या घाणेरड्या बाईचंही ऐकतंय. रडू नंतर आलं, घरी.

संध्याकाळी मार्थाबाईकडं जाणार आहे. मला पाहिलं की ती आधी चहा ठेवते. त्याच्या आत सांगायचं — चुकून नव्हतं. मग ती चहा ठेवो न ठेवो.