समेवरची मान

लॉकडाऊनमध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल माझी लॅब झालं होतं. चिप तपासणं हे माझं काम, त्यामुळे हेडफोनचा दणका नुसत्या कानाने ठरवणाऱ्यांचा मला रागच यायचा. मी मायक्रोफोन लावून आमच्या दोन हेडफोनच्या आवाजाचे ग्राफ काढले. ते एकमेकांवर तंतोतंत बसले.

"दोन्ही सारखेच आहेत," मी बायकोला सुनावलं.

ती लहानपणापासून तबला वाजवते. तिने तबल्याचं एक रेकॉर्डिंग लावलं, पहिला हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि समोर बसून माझ्याकडे बघत राहिली. मग तेच रेकॉर्डिंग दुसऱ्यावर ऐकवलं.

"पहिल्यात दर समेला तुझी मान हलत होती," ती म्हणाली. "दुसऱ्यात एकदाही नाही."

मी थक्क झालो. तालाचं आवर्तन संपून पुन्हा जिथे सुरू होतं ती सम मला आयुष्यात कधी ओळखता आलेली नाही. तिने कितीदा शिकवून पाहिलं, शेवटी नाद सोडला. मानेला मात्र सम ठाऊक होती.

इतकं बारीक मोजणारं यंत्र माझ्याच खांद्यांवर होतं, आणि त्याचं रीडिंग फक्त बायकोला दिसत होतं.