नो-गो काका आणि शून्य बिल

नो-गो काकांना 'जवळजवळ' हा शब्द चालत नसे. भोसरीच्या एका कंपनीत त्यांनी उभा जन्म तपासणी खात्यात काढला. तिथं भोक मोजायला दोन टोकांचं गेज असतं. एक टोक आत गेलं पाहिजे. दुसरं, 'नो-गो'चं, जाता कामा नये. ते शिरलं की पीस बाद. रिटायर झाले तरी काकांनी हा न्याय सोडला नाही. चहा गोड झाला, नो-गो. रिक्षावाल्यानं 'पाच मिनिटांत आलो' म्हणून दहा लावली, नो-गो. काकू म्हणायच्या, मला बघायला आले तेव्हा गेज घरी विसरले असतील.

अशा माणसाला मी सोलर विकलं. छपरावर पॅनल बसवून देणं हाच माझा धंदा. फंडाचे पैसे घालायला काका कचरत होते, आणि माझी जीभ सैल सुटली. म्हणालो, "काका, घाला बिनधास्त. बिल शून्य येईल." चिखलीतल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीला त्यांनी ते सांगून टाकलं.

पॅनलची निगा त्यांच्यासारखी कुणी ठेवली नसेल. आमच्याकडची धूळ ती, सकाळी पुसली की संध्याकाळी हजर. सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ रोज जिना चढून ओल्या फडक्यानं काचा पुसायचा. दिवसा वीज तारेतून बाहेर जायची, रात्री तेवढीच परत यायची, फिट्टंफाट. तरी बिल आलंच. त्यावर एक ओळ होती: स्थिर आकार. म्हणजे जोडणी आहे म्हणून द्यायचे पैसे, वीज वापरा नाहीतर नका वापरू. काका फोनवर एवढंच म्हणाले, "नो-गो."

मग दर महिन्याला बिल आलं की फोन. वीज कार्यालयातही मला घेऊन गेले. तिथल्या बाईंनी समजावलं, तार आमची, खांब आमचे, ते सांभाळायला खर्च येतो. बाहेर आल्यावर मी तावातावानं बोलू लागलो, की लोकांनी पदरचे पैसे घालून वीज करायची आणि वर हा भुर्दंड, ही कुठली रीत? काकांनी मला थांबवलं.

"त्यांचं सोड. शून्य तू म्हणाला होतास."

मला राग आला, राव. एवढ्याशा रकमेसाठी माणसानं किती ताणावं! म्हटलं, दर महिन्याला मीच भरतो तेवढे. काकांचा चेहरा पडला.

"पैसे कोण मागतंय? तू पास केलेला पीस बाद निघाला. एवढं कबूल कर, बास."

मी नाही केलं कबूल. धंद्यात सगळेच शून्य म्हणतात, मी एकट्यानंच का मान खाली घालायची? त्यानंतर काकांचे फोन बंद झाले, आणि त्याचाही मला रागच आला.

दिवाळीआधी काका गेले. काकू सांगवीला लेकीकडे राहायला गेल्या. परवा त्यांनी किल्ली दिली, पॅनल एकदा बघून ये म्हणाल्या. फाटकात बिल अडकलं होतं, अजून काकांच्याच नावाचं. घेतलेली वीज शून्य. बंद घरात एक बल्बही लागला नव्हता. खाली स्थिर आकार होताच.

वर जाऊन फडकं ओलं केलं, काचा पुसल्या. तेवढ्यात मोशीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. बिल शून्य येईल ना, त्यानं विचारलं. नाही येणार, मी म्हटलं. जवळजवळ तरी?

"जवळजवळ असं काही नसतं."

त्यानं फोन ठेवला. ऑर्डर गेली. हेच एकदा काकांना म्हणालो असतो, तर माझं काय जात होतं?