पहिल्या दिवशीची गर्दी

“ज्या दिवशी सगळे येतात, त्या दिवशी कुणाकडे बघावं ते कळत नाही,” असं गादीवाले काका एकदा म्हणाले होते. समोर फाटकी गादी घेऊन बसलेला दूधवाला हसला. काकांच्या बोलण्याला हसायची गावाला सवयच होती.

सवय त्यांनीच लावलेली. ते कापूस पिंजत, गाद्या शिवत. त्यांच्या टाक्यांवर पाठ टेकली नाही असं अंग गावात विरळाच. जुनी गादी दुरुस्तीला आली की तिच्यावरून तळहात फिरवत, कुठली बाजू जास्त दबली आहे ते बघत आणि घेऊन आलेल्या नवऱ्याला म्हणत, “घरात राज्य कुणाचं ते दिसतंय. तुम्ही तर काठावरच झोपता.” काकी खिडकीपाशी मशीनवर खोळी शिवत. एकाच खोलीत घर आणि धंदा. कापसाचे तंतू सगळीकडे, दोघांच्या भुवया कायम पांढऱ्या. आम्ही लग्नातच म्हातारे झालो, असं काकी सांगायच्या.

पानगळ सुरू होताना काकी अंथरुणाला खिळल्या. बातमी कळली त्याच संध्याकाळी सगळं गाव आलं. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत उभं राहायला जागा नाही. प्रत्येकाच्या हातात झाकलेलं भांडं. कुणाला बसा म्हणावं, कुणाला पाणी द्यावं या गडबडीत काका पूर्ण वेळ काकींकडे पाठ करून उभे राहिले. निघताना प्रत्येकानं सांगितलं, काही लागलं तर हाक मारा.

दोन माणसांना तेवढं अन्न संपणार कसं, बरंचसं नासलं. काकांनी भांडी घासली आणि घरोघरी परत दिली. प्रत्येक दारात विचारणा झाली, कशी आहे? बरी आहे, ते म्हणाले. दुसऱ्याचं भांडं हातात धरून उंबऱ्यावर आणखी काय सांगणार?

त्यानंतर दाराबाहेर चपला दिसल्या त्या थेट झाडं उघडी पडल्यावर, काकी गेल्या त्या दिवशी.

पुढच्या वर्षी एकजुटीच्या गावांची स्पर्धा आली. गाव आपल्यातल्या एखाद्याच्या मागे उभं राहिलं असा खरा प्रसंग रंगमंचावर करून दाखवायचा आणि मग परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, असा नियम होता. मागच्या खेपेला शेजारच्या गावानं बक्षीस नेलं होतं. एकाचं जळालेलं घर त्यांनी सगळ्यांनी मिळून बांधलं होतं. “आपल्याकडे मेलं काही जळतही नाही,” कप्तान करवादला होता. तरुणपणी तो फुटबॉल संघाचा कप्तान. पुढे पोट सुटलं, पण नाव सुटलं नाही. स्पर्धेची सगळी धावपळ त्याचीच.

तो काकांकडे आला आणि कार्यक्रमाला एक खाट आणि गादी लागेल म्हणाला. काकांनी दिली. कशाला, ते विचारलं नाही. पहिल्या रांगेत बसा, तुमचा सत्कार आहे, असं कप्तान जाताजाता सांगून गेला. काकांनी सदऱ्याला इस्त्री केली.

शाळेच्या सभागृहात दुपारी पडदा वर गेला. कापडावर रंगवलेली खिडकी, तिच्याखाली खाट. खाटेवर बेकरीवाल्याची सून निजली होती, भुवयांना पीठ लावून.

आधी काकांना फक्त गादी दिसली. तिच्या कोपऱ्याला निळं ठिगळ होतं, काकींच्या जुन्या पोलक्याचं. मग त्यांना खिडकी दिसली. मग पांढऱ्या भुवया.

एकेक बाई येत गेली. कुणी सूप भरवलं, कुणी पाय चेपले, कुणी केस विंचरून दिले. रात्र दाखवायला दिवा मंद केला, तेव्हाही उशाशी कुणीतरी होतंच. खाटेवरची सून क्षीण आवाजात म्हणाली, “एवढी माणसं असताना मला कसलं दुःख?” सभागृहात हुंदके फुटले. दूधवाला बाहीनं डोळे पुसत होता. त्याचं रडणं खरं होतं, आणि तेच बघवत नव्हतं.

परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, जे जे तिच्याजवळ बसले होते त्यांनी उभं राहावं, मला त्यांना बघायचंय. सगळं सभागृह उभं राहिलं. कप्ताननं वळून पाहिलं. बक्षीस हातात आल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

“शेवटच्या आठवड्यात कोण होतं?” बाईंनी सहज विचारलं. त्यांना एखादी आठवण ऐकायची होती, एवढंच.

माना वळल्या. बेकरीवालीनं दूधवाल्याच्या बायकोकडे बघितलं.

“तू होतीस ना?”

“मी? मी त्या संध्याकाळी आले होते, सगळ्यांबरोबर. मला वाटलं तुमच्या घरचं कुणी...”

“आमच्या घरचं? अगं, आम्हाला वाटलं मास्तरीणबाई.”

प्रश्न रांगेरांगेनं मागे सरकत गेला. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघे आणि शेजारी त्याच्या पलीकडच्याकडे. शेवटच्या रांगेपाशी भिंत आली. खोटं कुणीच बोलत नव्हतं. आपण नसलो तरी बाकीचे होते, असं प्रत्येकजण वर्षभर मनापासून धरून होता. दूधवाल्याचा हात बाहीसकट डोळ्यांपाशीच राहिला.

कप्तान पुढे झाला. तो म्हणाला, “काकांनाच विचारा. ते कधी खोटं बोलायचे नाहीत.” हे म्हणताना तो काकांकडे असं बघत होता, की फक्त एक ‘हो’ पुरे होता. गावाला तेवढाच हवा होता, आता बक्षिसासाठीही नाही.

“काका,” परीक्षक बाई हळूच म्हणाल्या, “कोण होतं?”

सभागृहात तेच एकटे बसलेले होते. ते उठले आणि पायऱ्या चढून रंगमंचावर गेले. बेकरीवाल्याची सून घाईनं खाटेवरून उतरली, कपाळ पुसताना पीठ डोळ्यात गेलं. काकांनी चादर काढून घडी घातली आणि तिच्या हातात दिली. चादर त्यांची नव्हती. मग गादी गुंडाळली, ठिगळाचा कोपरा आत राहील अशी, आणि खांद्यावर घेतली.

मधल्या वाटेनं ते निघाले तेव्हा दोन्ही बाजूंना गाव उभंच होतं. बसायचं कुणाला सुचलं नाही.

“काका, एका बाजूनं मी धरू का?” दूधवाला कसाबसा म्हणाला.

काकांनी गादी दुसऱ्या खांद्यावर घेतली, कोपरानं दार ढकललं आणि बाहेर पडले.