आम्ही इथे दाराला कुलूप लावत नाही

ट्वायला हनसेकर घरं विकते असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. घरं काय, कुणीही विकेल. ट्वायला गाव विकते. आयडाहोतलं आमचं ऑल्डर क्रॉसिंग तिने गेल्या बारा वर्षांत इतक्या वेळा विकलंय, की आम्ही जुनी माणसं इतकी वर्षं तिथे कशी टिकलो याचंच मला नवल वाटतं.

गिऱ्हाईक बहुतेक कॅलिफोर्नियाचं. तिकडचं घर विकायचं, इकडे दुप्पट मोठं घ्यायचं आणि मग शांततेने जीव कासावीस झाला म्हणायचं. ते दोन दिवस राहून घरं बघतात आणि त्या दोन दिवसांत त्यांना काय दिसेल, काय ऐकू येईल आणि कसला वास येईल हे ट्वायला ठरवते. त्यांची गाडी ती हॉटेलवरच ठेवायला लावते. "राहू दे हो, दमला असाल, माझ्या गाडीतून जाऊ," म्हणते. दमले कसले डोंबलाचे! कॅलिफोर्नियाची नंबरप्लेट दिसली की आमचे लोक मुद्दाम पुढे गाडी घालून बैलगाडीच्या वेगाने चालवतात, ते पाहुण्यांना कळू नये म्हणून ही माया. गावाच्या पश्चिमेला बीटाच्या साखरेचा कारखाना आहे. हंगाम चालू असताना वारा पश्चिमेचा असला की गावभर कुजक्या कोबीचा वास सुटतो. ट्वायला तोंड धुवायच्या आधी अंगणात येऊन वारा बघते. पश्चिमेचा असला तर पाहुण्यांची वरात आधी डोंगराकडे. आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी मालगाडीसाठी फाटक पडतं, ते पाव तास उघडत नाही. म्हणून त्याआधी सगळ्यांना घेऊन ती कॅफेत हजर.

त्या कॅफेत मी कॉफी वाढायचे. मी बर्निस, वय वर्षं चौसष्ट, गुडघे त्याहून जुने.

ट्वायला खिडकीजवळच्या टेबलावर बसायची आणि माझ्याकडे ढुंकूनही बघायची नाही. मी किटली घेऊन जायचे, "काय, नवीन दिसताय?" म्हणायचे. ते आपली कहाणी सांगायचे. मग मी एक हात कमरेवर ठेवून म्हणायचे, "इथे बरं वाटेल तुम्हाला. आम्ही इथे दाराला कुलूप लावत नाही." बायको नवऱ्याकडे बघायची. ट्वायला मान खाली घालून कॉफी ढवळत राहायची, जन्मात मला कधी पाहिलं नसल्यासारखी. संध्याकाळपर्यंत सौदा पक्का.

आता खरं सांगते. माझ्या घराला दोन कुलपं होती आणि आतून कडी. वरचं कुलूप ट्वायलानेच बसवून दिलं, माझा नवरा ऑर्विल गेला त्या आठवड्यात. "एकटी बाई तू, मला झोप लागणार नाही," म्हणाली आणि स्वतः ड्रिल घेऊन आली. ऑर्विल आजारी होता तेव्हा चार महिने दर मंगळवारी तिने आम्हाला दवाखान्यात नेलं. अशा बाईला एका वाक्यासाठी नाही कसं म्हणायचं? शिवाय मला मजा यायची, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी तर कहर झाला. सात राज्यांतल्या एजंटांचं संमेलन भरलं आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकांचं आदरातिथ्य कसं करावं यावर ट्वायलाचं भाषण ठेवलं. परत आली ती बक्षिसाची ढाल घेऊनच. "बर्नी, तुझं वाक्य सगळ्यांनी लिहून घेतलं गं!" मी आठवडाभर हरभऱ्याच्या झाडावरून उतरले नाही.

माझं घर भाड्याचं होतं. बावीस वर्षं. मालक म्हातारे लुंड, देवमाणूस. ते उन्हाळ्यात गेले आणि अॅरिझोनातल्या त्यांच्या मुलाने घर विकायला काढलं. काम कुणाला दिलं असेल? ट्वायला मला सांगायला आली ती पर्स मांडीवर धरूनच बसली.

"बर्नी, मी घेतलं नसतं तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं."

"मग घेऊ द्यायचं होतं दुसऱ्याला!"

"दुसऱ्याने तुला ऐन बर्फात बाहेर काढलं असतं. मी वसंतापर्यंत मुदत मागून घेतलीय."

"उपकार झाले बाई. मीच घेते घर. काय म्हणतो तो मुलगा?"

तिने आकडा सांगितला. मला हसताना ठसका लागला. हा आकडा चढवण्यात माझ्या त्या वाक्याचा केवढा हात आहे, हे मात्र ती गेल्यावर कप विसळताना लक्षात आलं. मी नळ तसाच सोडून खुर्चीत बसले आणि रडले.

मग मी पण ठरवलं, बघतेच कोण घेतं माझं घर ते.

ऑक्टोबरात सॅक्रामेंटोचं एक जोडपं आलं, कॉर्विन आणि रोझलिन. ट्वायला फोनवर म्हणाली, "बर्नी, तेवढा तासभर बाहेर जा ना." मी म्हटलं, "माझ्या स्वयंपाकघरात बसून मी माझा चहा पिणार." नेमका वारा पश्चिमेचा. मी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

ती दोघं आत आली तशी मी तोंड सोडलं. "हा वास येतोय ना, तो फेब्रुवारीपर्यंत येणार. मालगाडी गेली की कपाटातल्या बश्या वाजतात. जानेवारीत बर्फाने दार उघडत नाही, खिडकीतून उडी मारावी लागते. या वयात! आणि गावातले लोक तुमची नंबरप्लेट बघून तोंड वाकडं करणार, समोर गोड बोलणार. आणि हे बघा." मी उठून दोन्ही कुलपं खटाखट फिरवून दाखवली. "हे एक, हे दुसरं. वर कडी."

ट्वायलाचा चेहरा पांढराफटक पडला. मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

रोझलिनच्या डोळ्यांत पाणी आलं. "कॉर्विन, इथली माणसं किती खरं बोलतात रे! आपल्याकडे कुणी असं बोलेल?"

कॉर्विनने छाती भरून तो वास आत घेतला. "हा कष्टाचा वास आहे," तो म्हणाला.

अंधार पडायच्या आत त्यांनी मागितलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ केले. मी कपाळावर हात मारून घेतला.

"बारा वर्षांत मला असं घर दाखवता आलं नाही, बर्नी," ट्वायला म्हणाली. टोमणा नव्हता तो, त्याचाच राग आला. मग ती माझ्या ओट्याशी उभी राहून हमसाहमशी रडली आणि मलाच तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. आता काय म्हणावं या बाईला!

आमच्या गावात मला परवडेल असं छप्पर उरलं नव्हतं. ऑर्विलच्या विम्याच्या पैशांतून मोंटानाच्या पार पूर्वेला लहानसं घर येईल, असं ट्वायलाने शोधून काढलं. तिथली एजंट जोलीन तिला त्या संमेलनातच भेटलेली. मार्चमध्ये अकरा तास गाडी चालवून ट्वायलानेच मला तिकडे नेलं.

"तुमची गाडी हॉटेलवरच राहू दे," जोलीन म्हणाली. "दमला असाल, माझ्या गाडीतून जाऊ."

तिने हातात पाण्याची बाटली दिली आणि गावाला मोठा वळसा घालून निघाली. मी काच खाली करून नाक बाहेर काढलं. ही काय लपवतेय? साडेदहाला तिने एका कॅफेपुढे गाडी थांबवली आणि आम्ही खिडकीजवळ बसलो.

किटली घेऊन एक बाई आली. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच एका पायावर भार देऊन चालणारी.

"काय, नवीन दिसताय?"

मी ट्वायलाकडे पाहिलं. ती मान खाली घालून कॉफी ढवळत होती.

"इथे बरं वाटेल तुम्हाला." बाईने हात कमरेवर ठेवला. "आम्ही इथे..."

"...दाराला कुलूप लावत नाही," मी म्हटलं.

बाई किटली धरून तशीच उभी राहिली. जोलीन खिडकीबाहेर बघायला लागली.

"किती आहेत?" मी विचारलं.

"दोन," ती हळूच म्हणाली. "आणि कडी."

"घर स्वतःचं?"

"छे हो, भाड्याचं."

मी तिचं मनगट धरलं. "ऐक माझं. आजपासून ते वाक्य सोड. एकदाही म्हणू नकोस, कुणालाही. ऐकतेस ना?"

तिने माझा हात हळूच सोडवला आणि माझा कप काठोकाठ भरला. "असं कसं सोडू बाई? जोलीन माझी मैत्रीण आहे," ती म्हणाली. "वरचं कुलूप तिनेच बसवून दिलंय मला."

ट्वायलाने चमचा बशीत ठेवला.