जांभळीचं पूर्ण नाव

तुम्ही कधी विमानात बसून परदेशी जाऊन अळू बघून आलात का? आम्ही आलो! पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीतल्या तिघी: रुक्मिणीकाकू, लातूरची सुनंदा आणि मी. सिंगापूरची ट्रिप पाच दिवसांची, पण किस्से अजून निघतायत. एकीने एक सांगितला की दुसरीला दोन आठवतात.

निघायच्या दिवशीच लिफ्टमध्ये नोटीस लागली होती. गेटजवळची जांभळी पार्किंगसाठी काढणार. महापालिकेची परवानगी आली होती, आणि आम्ही परतणार त्याच्या दुसऱ्याच दिवशीची तारीख होती. आमची सोसायटी काकूंच्या शेतावर उभी आहे. त्या शेतातलं तेवढं एकच झाड उरलंय, काकूंच्या मालकांनी, म्हणजे यजमानांनी, लावलेलं. मालक आता नाहीत. मी नोटीस वाचून दाखवली, तर काकू एवढंच म्हणाल्या, "चला, इमान चुकंल."

*

हॉटेलच्या काउंटरवर टूर मॅनेजर फॉर्म भरत होते. "काकू, मिस्टरांचं नाव?"

काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या मंगलला इचारा."

"यांना माहीत आहे?"

"न्हाई. पर ती नाव घेऊ शकती!"

मॅनेजर पेन धरून उभेच. शेवटी सुनंदा म्हणाली, "सर, पासपोर्टवर बघा. पन्नास वर्षांत काकूंनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, आता काय सिंगापूरसाठी घेतील?"

*

तिसऱ्या दिवशी तिथली मोठी वनस्पतींची बाग. उंच उंच झाडं, झाडून ठेवलेल्या वाटा, हवा कोकणासारखी दमट. आणि एका कठड्याआड, पाटीसकट, अळू!

"अगं बया," सुनंदा ओरडली, "आमच्याकडं हे न्हाणीच्या पाण्यावर येतंय!"

काकूंनी वाकून देठ बघितला. तेवढ्यात गार्ड धावत आला. काकू त्याला मराठीतच म्हणाल्या, "घाबरू नको बाबा, तोडत न्हाई. देठ काळा न्हाई, ह्याची वडी चांगली व्हायची न्हाई!"

तो मान हलवून हसला. वडी त्याला काय कळली, देव जाणे!

*

ऑर्किडच्या मांडवात सुनंदाने फुलाफुलाला नाक लावलं. शेवटी वैतागली. "एकालाबी वास नाही! आमच्या दिराच्या लग्नासारखं झालंय. डेकोरेशन झकास अन् वरणात मीठ नाही!"

*

काकू मात्र एका जुन्या झाडापाशी थांबल्या. त्याच्या आडव्या फांदीला टेकू दिले होते, वाट त्याला वळसा घालून गेली होती. बुंध्याजवळ पाटी.

"काय लिवलंय, मंगल?"

"झाडाचं शास्त्रातलं नाव. दोन शब्द आहेत."

"नाव-आडनावासारखं असतं, काकू," टूर मॅनेजर म्हणाले.

"झाडाला आडनाव?" काकूंनी पाटीवरून हात फिरवला. "मंग कोन तोडंल!"

बस सुटायची वेळ झाली. मॅनेजर तीनदा बोलवायला आले, तरी काकू तिथून हलेनात.

*

परतलो त्या संध्याकाळी, बॅगासुद्धा न उघडता काकू माझ्या दारात. हातात मोडक्या पाटाची फळी.

"मंगल, पाटी लिव."

मी खिडकीच्या ग्रिलचा उरलेला रंग काढला. सुनंदाही आली. "काय लिहू?" मी विचारलं.

"नाव लिव. जांभळी."

लिहिलं.

"आडनाव आमचं. पवार."

"आणि मधे? पूर्ण नावात वडलांचं नाव लागतं ना, काकू."

काकूंनी पदर तोंडाशी नेला. सुनंदा लगेच पुढे. "मी सांगू? मी पासपोर्टवर बघितलंय!"

"गप गं तू," काकू म्हणाल्या. माझ्या ब्रशवरचा रंग फरशीवर टपकला. शेवटी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "बबन."

जांभळी बबन पवार. तिघींनी मिळून पाटी सुतळीने बुंध्याला बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाड काढणारे आले. त्यांच्या मुकादमाने पाटी वाचली, चेअरमनना म्हणाला, "साहेब, आधी हिच्या घरच्यांची सही आणा," आणि दोर गुंडाळून माणसं परत गेली.