लाल सोंगटी मरत नसते

पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता मी जाहीर करतो की, लुडोमध्ये लाल सोंगटी मरत नसते. निदान कंपनीच्या बसमध्ये शलाकाने माझी मारेपर्यंत तरी मरत नव्हती.

शलाका ही आमच्या टीममधली, अमरावतीची. आमची बस सदाशिव पेठेतून निघते आणि हिंजवडीला पोहोचते, असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात ती वाकडच्या पुलाखाली मुक्कामाला असते. तेवढ्या वेळात कोणी झोप काढतं, कोणी संसार उरकतं (फोनवर). त्या दिवशी शलाकाने मोबाइलवर ऑनलाइन लुडो काढला आणि विचारलं, "सर, खेळता का?"

खेळता का! अहो, लहानपणी आमच्या घरात मी लुडोचा अजिंक्यवीर होतो. ताई आणि दादा माझ्याहून बरेच मोठे, पण एकदा म्हणून मला हरवू शकले नाहीत. अख्खी मे महिन्याची सुट्टी नुसते धूळ चाटायचे बिचारे! (माझा पराक्रम बघून आई तोंडाला पदर लावायची. मला वाटायचं, अभिमानाने.)

मी सवयीप्रमाणे लाल रंग घेतला. चाळीस वर्षांनी फासा खुळखुळला आणि अंगावर अक्षरशः रोमांच उभे राहिले. सोंगटी अख्ख्या पटाला फेरी मारून घराच्या तोंडाशी आली, आणि शलाकाच्या हिरवीने ती मारली!

"अगं, लाल आहे ती!"

"हो सर. म्हणूनच दुरून दिसली."

"लाल मरत नाही!"

"काय बोलून राहिले सर तुम्ही?"

मी शांतपणे नियम समजावले. लाल मरत नाही. तिसऱ्या खेपेला सहा पडोत न पडोत, लाल बाहेर येते. आणि फासा खाटेखाली गेला तर लालचे सहा धरतात. "या खेळात तर खाटच नाही," मी म्हणालो, "म्हणजे बघ, किती घाईत उरकलंय काम!"

आता सांगायला हवं की, सॉफ्टवेअरमधल्या चुका काढणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. (बायको म्हणते, ऑफिसातून आल्यावरही तो चालूच असतो.) तेव्हा पुलाखाली बसूनच मी त्या लुडोवाल्यांना रीतसर तक्रार धाडली. दोष: लाल मरते. तीव्रता: गंभीर. सोबत मृत सोंगटीचा फोटो.

उत्तर आलं. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. लाल रंगाला कोणतीही वेगळी सवलत नाही."

शलाकाने ते अख्ख्या बसला वाचून दाखवलं. मागच्या बाकावरून कोणीतरी "लाल सलाम!" म्हणालं. झालं! आता प्रश्न माझ्या बालपणाच्या इभ्रतीचा होता. मी उठून उभा राहिलो.

"खेळ बरोबर आणि मी चूक निघालो, तर माझी जागा शलाकाची!"

अख्खी बस माना वळवून बघू लागली. माझी जागा म्हणजे पहिली, खिडकीची, एसीच्या थेट झोताखालची! पुण्यात बसमधली जागा एकदा धरली की ती सातबाऱ्यावर चढल्यासारखी असते. तिच्यासाठी मी दोन बढत्या नाकारल्या असत्या. (कोणी देऊ केल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.)

"पण साक्षीदार कोण?" शलाकाने विचारलं.

"माझी सख्खी ताई. निवृत्त मुख्याध्यापिका. खोटं बोलणं तिच्या रक्तात नाही."

मी फोन लावला. स्पीकरवर.

"ताई, सगळे ऐकतायत. लुडोत आपल्याकडे लाल मरायची का?"

"नाही."

मी बसभर नजर फिरवली. विजेत्याची!

"आणि फासा खाटेखाली गेला की?"

"लालचे सहा."

"ऐकलंत?" मी गरजलो.

तेवढ्यात शलाकाने तोंड पुढे केलं. "ताई, पण असा नियम कोणी केला?"

"आईने."

"का?"

मग ताई हळू आवाजात म्हणाली, "अरे, तुला खरंच कोणी सांगितलं नाही? तू लिंबूटिंबू होतास."

लिंबूटिंबू! म्हणजे जो खेळात असतो, पण ज्याला कोणी धरत नाही तो!

"फक्त लुडोत ना?" मी विचारलं.

"सगळ्यात. सोंगटी मेली की तू गॅलरीत जाऊन ‘माझा खून झाला’ म्हणून ओरडायचास. शेजारी धावत यायचे."

"पण लपंडावात? लपंडावात तर मी कधीच सापडलो नाही!"

"शोधायला आलं होतं कोण? तू लपलास की आम्ही भेळ खायला जायचो."

बसमध्ये जो काही हलकल्लोळ उडाला! ड्रायव्हरला हसण्यासाठी गाडी थांबवावी लागली. (तशी ती थांबलेलीच होती.)

मी दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस. डबा उचलला, छत्री उचलली, जड पायांनी शेवटच्या बाकाकडे निघालो. अर्ध्या वाटेत पोहोचलो असेन, तोच शलाका सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली,

"अहो सर, बसा ना तुमच्या जागेवर! लिंबूटिंबू कुठं आउट असतो!"